थोरलीचा एक फेरा, धाकटीचे दोन

मित्रांनो, मी एक जुनी दातेरी चकती आहे. थकले आहे. बसून बोलते म्हटले असते, पण बसणे माझ्या नशिबी कधी आलेच नाही. मोटारीच्या इंजिनात अगदी तळाशी माझे घर. गॅरेजात मला टायमिंगचा लहान गिअर म्हणतात. मोठा गिअर, म्हणजे आमची थोरली, वरच्या मजल्यावर राहते. तिला माझ्या दुप्पट दात. आम्ही दोघी एकाच साखळीत बांधलेल्या. जावाजावाच म्हणा ना! माझे दोन फेरे होतात, तेव्हा कुठे तिचा एक होतो.

थोरलीचा एक फेरा, धाकटीचे दोन,
वाटेत चुकामूक झाली, सावरील कोण?

ही ओवी मी मनाशीच म्हणते. तेवढाच शिणवटा उतरतो.

मला तापवले, कातले, घासले आणि शेवटी अंगावर एक ठिपका ठोकला. थोरलीलाही तसाच. इंजिन जोडताना आम्हा दोघींचे ठिपके इंजिनावर आखलेल्या आपापल्या रेघेवर यावे लागतात. खालून पिस्टन वर येतो, तेव्हा वरची झडप मिटलेली हवी. दोन दातांची जरी चूक झाली तरी पिस्टन झडपेवर आदळतो, झडप वाकते आणि इंजिन मुके होते.

आमची गाडी एका सुईणबाईंची. किती चढ चढलो, किती नदीनाले ओलांडले! लोक गाडी पुसत, दिवे पुसत, हॉर्नचे कौतुक करीत. आमचे नाव कधी निघाले नाही. तेल बदलायचेही राहून गेले. साखळी ढिली पडली, खडखडू लागली, आणि मग आमचे नाव निघाले.

गाडी आली दोन भावांच्या गॅरेजात. भाऊ सख्खे, पण अकरा महिने अबोला. धाकटा एकदा गिऱ्हाइकासमोर बोलून गेला होता, "दादाची नजर गेली आता." दादाने ते ऐकले, हातातला पाना खाली ठेवला आणि त्या दिवसापासून त्याच्याशी एक शब्द बोलला नाही.

इंजिन खोलले, धुतले. पिस्टनला नव्या रिंगा घातल्या, नवी साखळी आणली. आमचे दात शाबूत होते, म्हणून आम्ही जुन्याच राहिलो. उरले होते टायमिंग, म्हणजे ठिपक्यांची जुळवणी, आणि ते काम दोघांचे. धाकटा गाडीखाली उताणा, पाना माझ्या बोल्टावर. दादा वर थोरलीवर ओणवा. सुईणबाई शेजारी उभ्या. डोंगरापलीकडच्या एका पोरीचे दिवस भरले होते. गाडी आजच हवी होती.

"बाई, वर विचारा, ठिपका रेघेवर आला का?"

"बाई, खाली सांगा, आला."

"अहो, तो दोन हातांवर आहे तुमच्यापासून! मी काय पोस्टमन आहे?" सुईणबाई कडाडल्या. "एवढी बाळं जगात आणली, पण असली आडमुठी जोडी नाही पाहिली."

ठिपका आला नव्हता, मित्रांनो! थोरलीचा ठिपका काळ्या तेलाच्या थराखाली झाकला होता. दादाला अंधुक दिसली ती हातोडीच्या जुन्या घावाची खूण, दोन दात पुढची; तोच ठिपका असेल, असे त्याने धरले. मला कळत होते. पण आम्हाला दात आहेत, जीभ नाही.

साखळी चढली. स्टार्टर मारण्याआधी इंजिन हाताने दोनदा फिरवून बघायचे, ही त्या गॅरेजची रीत. धाकट्याने पाना ओढला. मी थोडी फिरले आणि अडले. डोक्यावर कुठेतरी पिस्टन झडपेला टेकला होता.

"बाई, वर सांगा, अडतंय. नव्या रिंगा घट्ट असतील. जोर लावतो."

दादाचा तळवा थोरलीवर होता. तिची थरथर त्याला कळली. रिंगांवर खापर फोडून तो सहज सुटला असता. सुईणबाईंनी निरोप द्यायला तोंड उघडले, तोच तो खाली वाकून ओरडला,

"थांब! जोर लावू नकोस."

पाना थांबला.

"मला दिसत नाही," दादा हळूच म्हणाला. "ठिपका दिसलाच नव्हता. दिसला म्हणालो."

धाकट्याने पाना खाली ठेवला. मग आवाज आला, "वर येऊ का, दादा?"

"ये. चिंधी आण. आणि चष्म्याचा विषय काढू नकोस."

"मी नाही काढत. बाई काढतील."

"काढणारच!" सुईणबाई म्हणाल्या.

धाकट्याने मला हलकेच मागे घेतले, साखळी उतरवली, थोरलीचे अंग पुसले. दादाचे बोट धरून ठिपक्यावर नेले. "हा बघ."

"लागला," दादा म्हणाला. बोट त्याने लगेच काढले नाही. धाकट्यानेही हात सोडला नाही.

पुन्हा जुळवणी झाली. हाताचे दोन फेरे लोण्यासारखे निघाले. चावी फिरली, आणि किती महिन्यांनी आम्ही खडखड न करता बोललो.

मित्रांनो, माझे वय झाले आहे, फार मागत नाही. तेल वेळेवर बदला. पाना अडला तर जोर लावण्याआधी थांबा. आणि डोळ्यांना दिसत नसेल, तर लाज न धरता सांगा. 'मला दिसत नाही', एवढ्या तीन शब्दांनी त्या दिवशी आमच्या आठही झडपा वाचल्या. आणि डोंगरापलीकडे, दिवस मावळायच्या आत, एक बाळ सुईणबाईंच्या हातांत पहिल्यांदा रडले.