फक्त काज-बटण राहिलंय

मास्तरांच्या दुकानात जगातलं सगळं शिवणकाम एकाच टप्प्यावर अडलेलं असे. कोट असो, विजार असो, नाहीतर बँडमास्तरांचा सोनेरी पट्ट्यांचा डगला असो. गिऱ्हाईक दारात दिसलं की मास्तर चष्मा कपाळावर सरकवायचे आणि ओठांत धरलेल्या टाचण्यांच्या फटीतून म्हणायचे, "झालंच आहे हो! फक्त काज-बटण राहिलंय."

कापड तेव्हा फळीवर, आणलं होतं त्याच कागदात, गाढ झोपलेलं असायचं. त्याला कात्रीचं स्वप्नसुद्धा पडलेलं नसायचं.

शिंप्याची थाप खोट्यात धरत नाहीत, असं गल्लीत सगळेच म्हणत. त्यात मास्तरांचा हात सोन्याचा. त्यांनी शिवलेला कोट घातला की कुबड आलेला माणूसही सरदारासारखा चाले. म्हणून लोक थांबत. एका नवरदेवाचा कोट मास्तरांनी तयार केला, तो त्या नवरदेवाच्या थोरल्या मुलाला बरोब्बर बसला. मुलाचं लग्न त्याच आठवड्यात होतं, तेव्हा मास्तरांनी वेळेवर दिल्याचा मानही घेतला म्हणतात. सांगणारे थोडं वाढवून सांगत असतील. पण अस्तर घातल्याशिवाय कोट अंगावर उभा राहतो का?

मास्तरांना घाबरवणारा आवाज जगात एकच होता, त्यांच्या बायकोचा. गल्ली त्यांना वहिनी म्हणे. वहिनींनी माडीवरून "अहो!" अशी हाक मारली की गल्लीच्या दुसऱ्या टोकाचे तीन-चार नवरे "आलो, आलो" म्हणत आपापल्या घरी पळत सुटायचे.

त्याच गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरबाईंनी बोटांनी चाचपून बघितली, फोटो काढले आणि ऑपरेशनची तारीख दिली.

मास्तर गल्लीच्या टोकाच्या देवळात गेले. जायचे ते नेहमीच; पण त्यांची जागा शेवटच्या खांबाआडची. तिथून देव दिसत नसे आणि देवालाही आपण दिसत नसू, असा त्यांचा हिशेब. त्या दिवशी हात जोडून ते म्हणाले, "देवा, हिला बरं कर. हिचा आवाज राहू दे. मी सुधारतो. म्हणजे सुधारलोच आहे म्हण ना, फक्त काज—"

तिथंच त्यांची जीभ टाळ्याला चिकटली. माणसानं देवालाही गिऱ्हाईक केलं होतं.

घरी आले ते पडलेल्या खांद्यांनी. वहिनी भांडी पुसत होत्या.

"अगं, मला मागता येईना."

"काय मागता येईना?"

"तुझा आवाज. मागायला तोंड नको का?"

"आहे की तोंड," वहिनी म्हणाल्या. आवाज तेव्हाच घोगरा झाला होता, धार मात्र शाबूत होती. "रोज गिऱ्हाइकांना दाखवता तेच."

"तेच तर!" मास्तर स्टुलावर बसले. "मी ठरवलंय. तुझं ऑपरेशन होईपर्यंत एकसुद्धा थाप मारणार नाही. मग त्याला ऐकावंच लागेल."

वहिनींनी हातातली कढई खाली ठेवली. "म्हणजे लाच द्यायला निघालात. देव म्हणजे काय जकातनाका आहे? हे बघा, मला मधे घालून सौदा नको. मी बरी व्हायची असेन तर होईन. तुम्हाला सरळ व्हायचं असेल तर तुमचे तुम्ही व्हा."

"मग मागायचंच नाही?"

"मागा की! मी कुठं नको म्हणतेय? पण विकत घेऊ नका. लेकरू बापाकडं मागतं तसं मागा, मान वर करून. मान वर होईल असं वागा म्हणजे झालं. आणि ते फडकं द्या इकडं."

मास्तरांनी फडकं दिलं आणि मनाशी एक गाठ मारली. खरोखर काज-बटण राहिलं असेल तरच 'काज-बटण' म्हणायचं. नाहीतर जिथं काम अडलंय ती जागा बोटानं दाखवायची. आणि फळीवरचा सगळ्यात जुना गठ्ठा सगळ्यात आधी खाली काढायचा.

ऐकायला केवढंसं वाटतं, नाही? पट्टीचा पोहणारा समुद्र पार करील. पण तीस वर्षं जिभेवर बसलेला शब्द खाली उतरवून बघा म्हणावं.

पहिल्या आल्या त्या शाळेच्या मोठ्या बाई. "काय मास्तर, झाला का कोट?"

"नाही." मास्तरांच्या कपाळावर घाम फुटला. "कापलाच नाही अजून."

बाई मटकन स्टुलावर बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "वहिनींच्या काळजीनं होतं असं. पाणी घ्या थोडं. मी उद्या येते, तोवर बरं वाटेल तुम्हाला."

मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झाल्याची बातमी संध्याकाळच्या आत गल्लीभर झाली. समोरच्या दुकानात एक तरणा शिंपी होता, सगळे त्याला चटपट म्हणत. काहींनी आपलं कापड उचललं आणि रस्ता ओलांडून त्याच्याकडं नेलं. मास्तर नुसते बघत राहिले. टाचणी गिळावी तसं व्हायचं त्यांना, पण गिळायचे. आणि एकेक गठ्ठा सुटत गेला. बँडमास्तरांचा डगला पुरा झाला तेव्हा त्यांचं पोट इतकं पुढं आलं होतं की सोनेरी पट्टे दोन्ही काखांत जाऊन बसले. तरी ते हट्टानं डगला घालून गेले आणि त्या दिवशी बँड वाजवताना त्यांनी श्वास फक्त बाहेर सोडला, आत घेतलाच नाही, असं कर्णा वाजवणारा शपथेवर सांगतो.

घसरलेसुद्धा एकदा. पोस्टमनला बघून सवयीनं बोलून गेले, "झालंच आहे हो, फक्त..." पोस्टमन मान डोलावून सायकलवर बसला. मास्तरांनी कात्री टाकली आणि गळ्यात टेप तसाच, अनवाणी, धावत सुटले. "अहो पोस्टमन! थांबा! खोटं बोललो! बाह्या लागायच्यात! अस्तर लागायचंय!"

चौकात गाठलं तेव्हा पोस्टमन पाय टेकून म्हणाला, "मास्तर, हे सांगायला धावलात तेवढ्या वेळात अस्तर लागलं असतं."

हसली सारी गल्ली. पण त्या संध्याकाळी मास्तर देवळात गेले ते खांबाआड नाही, खांबाच्या अलीकडं उभे राहिले. मागितलं काही नाही. नुसते उभे राहिले, एवढंच. कुणी हाकललं नाही, याचं त्यांना मोठं नवल वाटलं.

आणि मग उत्साहानं घात केला.

डॉक्टरबाईंचं लोकरीचं कापड फळीवर होतं. त्यांच्या वडिलांनी जपून ठेवलेलं. वडील आता नव्हते आणि तसलं कापड विणणारी गिरणीही बंद पडली होती. ऑपरेशनच्या आधी कोट द्यायचाच, असं मास्तरांनी मनावर घेतलं. कापड बेताचं, म्हणून घडी न घालता एकेरी पसरून कापायला घेतलं. अशा वेळी बाहीचा पुठ्ठ्याचा नमुना एकदा सुलट ठेवून आखायचा आणि मग उलटा करून आखायचा. शिकाऊसुद्धा हे पहिल्या आठवड्यात शिकतो. मास्तरांनी दोन्ही वेळा सुलटच ठेवला. मन जाग्यावर नव्हतं. वहिनी माडीवर खोकत होत्या.

बाह्या शेजारी-शेजारी ठेवल्या तेव्हा दोन्ही डाव्या हाताच्या! कापडाला सुलट-उलट बाजू, म्हणून पालटूनही उपयोग नाही. मास्तरांनी उरलेल्या तुकड्यांवर नमुना फिरवून-फिरवून बघितला. उजवी बाही निघत नव्हती.

वहिनींना ते काही बोलले नाहीत. उद्या ऑपरेशन, कशाला जिवाला घोर? आणि डॉक्टरबाईंना ऑपरेशन झाल्यावर सांगू. गप्प बसणं म्हणजे थोडंच खोटं बोलणं? असं अस्तर त्यांनी मनाला आतून छान बेमालूम लावलं.

सकाळी दवाखान्याच्या लांब बोळातून वहिनींची गाडी ढकलत नेली. मास्तर बाजूनं चालत होते. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी डॉक्टरबाई आल्या, हिरव्या कपड्यांत, केस टोपीत कोंबलेले.

"काही काळजी करू नका, वहिनी. अगदी साधं काम आहे." मग वातावरण हलकं करायला त्या मास्तरांकडं वळल्या. "आणि आमचा कोट? थांबा, थांबा, मीच सांगते. फक्त काज-बटण राहिलंय! हो ना?"

नर्स हसली. गाडी ढकलणारा हसला. मास्तरांना काही बोलायचीही गरज नव्हती. नुसतं हसायचं होतं. जी बाई आता तुमच्या बायकोच्या गळ्याला सुरी लावणार, तिचं मन या घटकेला कोण दुखवेल? हात थरथरला तर? एखादा साधूसुद्धा मान डोलावून मोकळा झाला असता, आणि कुणी त्याला नाव ठेवलं नसतं.

मास्तरांनी गाडीची कड घट्ट धरली.

"नाही, डॉक्टरबाई. तुमचं कापड मी नासवलं. दोन्ही बाह्या डाव्या कापल्या गेल्या."



"दोन्ही डाव्या?"

"दोन्ही."

"मी डावखुरी आहे मास्तर, पण इतकी नाही." त्या हसल्या, आणि हसता-हसता त्यांचा चेहरा उतरला. "ते कापड बाबांनी..."

"ठाऊक आहे. पुन्हा मिळणार नाही, तेही ठाऊक आहे. बिनबाह्यांचा होईल, चांगला होईल. पण जो व्हायचा होता तो नाही होणार."

"हे आत्ता कशाला सांगितलंत? नंतर सांगायचं होतं."

"नंतरच सांगणार होतो. तुम्ही आत्ता विचारलंत."

 डॉक्टरबाई गाडीवर वाकल्या आणि वहिनींचा हात हातात घेतला. "वहिनी, मघाशी मी म्हटलं ना, साधं काम आहे? तेही माझं काज-बटणच होतं. गाठ निघेल, याची मला खात्री आहे. पण ती आवाजाच्या नसेला चिकटलीय. नस वाचवायला जिवाचं रान करीन. आवाजाचं वचन मात्र देता येत नाही."

मास्तरांना वाटलं, झालं, आपल्या खरेपणानं हिचा धीर घालवला. पण वहिनींनी उशीवरून मान उचलली.

"आता कसं!" त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "मघापासून सगळे गोड बोलत होते तेव्हा माझी बोबडी वळली होती. चला, न्या आत. आणि अहो, त्या दोन बाह्यांचं बोलू मग. सोडणार नाही मी."

दार बंद झालं.

मास्तर बोळाच्या मधोमध उभे राहिले. तिथं ना देवाची तसबीर, ना दिवा. फिनेलचा वास आणि फरशी पुसणारी बाई. त्यांनी हात जोडले आणि मान वर केली.

"देवा," ते म्हणाले, तोंडानं, ऐकू येईल असं, "हिचा आवाज मला हवाय. मी चांगला झालोय म्हणून मागत नाही. फळीवर अजून गठ्ठे आहेत, आणि एका लेकीच्या बापाचं कापड मी नासवलंय. पण आज तुझ्यापासून लपवायला माझ्याजवळ काही नाही. म्हणून समोर आलोय. देता आला तर दे. नाही दिलास तरी मी असाच समोर येईन, आणि भांडेनही."

"बाजूला व्हा की जरा," फरशी पुसणारी बाई म्हणाली.

मास्तर बाजूला झाले. पण त्यांचं बोलणं तुटलं नाही. भल्याभल्यांना आयुष्यभर माळा ओढून जे साधत नाही, ते या थापाड्याला फिनेलच्या वासात साधलं. उत्तर आलं नव्हतं, येईल की नाही ठाऊक नव्हतं, आणि तरी समोरचा ऐकतोय याबद्दल मनात तिळमात्र शंका नव्हती.

आवाज पुढं आला, तोही चांगला जाडाभरडा, जुन्या आवाजाच्या थोरल्या भावासारखा. पण ती पुढची गोष्ट. त्या दिवशी दुपारी कुणालाच काही ठाऊक नव्हतं. गळ्याला पट्टी बांधलेल्या वहिनी पलंगावर होत्या, बोलायची बंदी. त्यांनी भुवया उंचावून विचारलं.

मास्तर जवळ बसले. "गाठ सगळी निघाली. नस त्यांनी तोडली नाही, पण दुखावली आहे. आवाज येईल की नाही, ते त्यांना माहीत नाही. मलाही नाही."

वहिनी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिल्या. इतकी वर्षं त्या तोंडातून आलेला प्रत्येक शब्द त्यांनी दोनदा उलटून-पालटून बघितला होता. आज तसं केलं नाही. मास्तरांचा हात ओढून त्यांनी उशीजवळ घेतला, डोळे मिटले आणि निर्धास्त झोपी गेल्या.