सागवानी कपाटातला लॅपटॉप

आमच्या संस्थेत अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून ती सीडीवर उतरवली जात. संस्था गंगापूर रोडला, पहिल्या मजल्यावर. वाचणारा मी, रेकॉर्डिंग करणारी प्रतिभा, आणि उरलेलं सगळं कार्यकारी मंडळ. मंडळाचं काम बैठका घेणं, आणि ते काम मंडळ मनापासून करत असे.

मी नोकरीची सगळी वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडतो. पण बंद खोलीत, समोर कोणी नसताना, पुस्तक मोठ्याने वाचता येतं. बरं वाचतो की नाही, याची मला आजही खात्री नाही. प्रतिभा म्हणायची, ‘काका, तुम्ही वाचा हो. शंका नंतर काढा.’

२००७ साली सिडकोतली साक्षी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या राज्यशास्त्राच्या जाड पुस्तकातली सुरुवातीची प्रकरणं आम्ही जुन्या डेस्कटॉपवर रेकॉर्ड करून दिली. तिने ती ऐकली आणि फोन केला. माझ्या आवाजामागे कोणीतरी पिठाची गिरणी चालवतंय, असं तिचं म्हणणं होतं. ती गिरणी म्हणजे डेस्कटॉपचा पंखा. शिवाय भारनियमनात वीज गेली की चाललेलं वाचन अर्ध्यातच पुसलं जायचं. परीक्षा एप्रिलमध्ये होती. ती पुस्तक वाचू शकत नव्हती, आणि घरात वाचून दाखवणारं कोणी नव्हतं. आई साळूबाई दिवसभर मंडईत भाजी विकायची, आणि तिला अक्षरओळख नव्हती. आम्ही दिलं तर साक्षीकडे पुस्तक होतं, नाही तर नव्हतं.

प्रतिभाने मंडळापुढे मागणी ठेवली. आवाज न करणारा लॅपटॉप हवा, म्हणजे वीज गेली तरी बॅटरीवर रेकॉर्डिंग टिकेल. त्याला दोन मॉनिटर हवेत. एक माझ्यापुढे, त्यावर पुस्तकाचं स्कॅन केलेलं पान, म्हणजे पानं उलटल्याची सळसळ नको. दुसरा तिच्यापुढे, आवाजाची रेघ पाहायला. आणि खाली डॉक हवा. डॉक म्हणजे सगळ्या वायरी ज्याला जोडलेल्या असतात असा पाट. लॅपटॉप त्यावर खटकन बसवायचा, आणि संध्याकाळी सीडी करायला घरी न्यायचा असेल तर खटकन उचलायचा.

आमचे अध्यक्ष गोटीरामसाहेब पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. एखादी वस्तू त्यांना कळत नाही असं त्यांच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं, निदान त्यांच्या कानावर तरी आलं नव्हतं. त्यांनी अख्खं मंडळ गाडीत घालून कॅनडा कॉर्नरच्या एका दुकानात नेलं. बाहेर रिक्षांचे हॉर्न, आत एसीची घरघर, शेजारच्या दुकानातून गाणी. साहेबांनी एका चकचकीत लॅपटॉपला कान लावला. आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. ‘शांत आहे,’ ते म्हणाले. मंडळातल्या आणखी दोघांनी कान लावला आणि माना हलवल्या. लॅपटॉप चालू केलेला नव्हता. ते मला दिसत होतं. पण मला वाटलं, शांतता तपासायची हीही एखादी पद्धत असेल.

प्रतिभाला तसं काही वाटलं नाही. तिने दुकानदार ललितला विचारलं, दुकान बंद असतं त्या दिवशी येऊ का? तो बिचारा तयार झाला. सुट्टीच्या दुपारी शटर अर्धं खाली ओढून आम्ही तिघं बसलो. एसी बंद. प्रतिभाने तीन लॅपटॉप डॉकवर बसवले, प्रत्येकाला दोन मॉनिटर जोडले आणि रेकॉर्डिंग चालू ठेवलं. साहेबांचा चकचकीत लॅपटॉप गरम झाल्यावर चिडलेल्या माशीसारखा गुणगुणू लागला. दुसरा मधूनच फुरफुरायचा. तिसरा काळपट, जाड, दिसायला सरकारी. तो मात्र कामाला लागल्याचं कळतही नव्हतं. त्याच्या अंगाला हात लावून पाहिला तेव्हा कोमट हवा एका बाजूने बाहेर पडत होती, तीही गुपचूप.

मंडळाला तो दिसायला आवडला नाही. पण त्याच्याबरोबर ललित सात बॅगा फुकट देणार होता, म्हणजे प्रत्येक सदस्याला एक. ठराव एकमताने मंजूर झाला. त्या बॅगांतून पुढे कित्येक दिवस सदस्यांचे डबे आणि बीपीच्या गोळ्या येत असत.

लॅपटॉप आला आणि आठवडाभर काम उत्तम चाललं. साक्षीने एका ओळीचा निरोप पाठवला, गिरणी बंद झाली म्हणून. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी एक प्रकरण जास्त वाचलं.

मग गोटीरामसाहेबांना संस्थेच्या मालमत्तेची काळजी वाटू लागली. आमच्याकडे जे जे मौल्यवान आहे ते काचेच्या कपाटात कुलपाआड ठेवण्याची रीत आहे. ढाली, सन्मानचिन्हं, मंत्र्यांबरोबरचे फोटो, सगळं तसंच. लॅपटॉप उघड्यावर कसा राहील? दिंडोरीत वायनरीसाठी बाटल्यांची कपाटं करणारा एक सुतार त्यांच्या ओळखीचा होता. त्याच्याकडून सागवानी, काचेचं, धूळ शिरू नये म्हणून कडेने रबर लावलेलं कपाट करून घेतलं. मागे वायरींपुरतं भोक. दाराच्या काचेवर सोनेरी अक्षरांत साहेबांचं नाव. डॉकसकट लॅपटॉप त्यात ठेवला, कुलूप लावलं, हार घातला, पेढे वाटले. वायरीने जोडलेलं एक बटण बाहेर काढून दिलं होतं, त्याने लॅपटॉप चालू व्हायचा. घरी न्यायचा प्रश्नच संपला.

‘आता तर बिलकूल आवाज यायचा नाही,’ साहेब म्हणाले. ‘काच आहे ना मध्ये.’

त्या दिवशी दुपारी मी वाचायला बसलो. थोड्या वेळाने कपाटातून पाणी उकळल्यासारखा आवाज सुरू झाला. मग वाढला. मग दोन्ही मॉनिटर एकदम काळे झाले. गरम हवेला बाहेर जायला वाटच नव्हती. जो लॅपटॉप आम्ही त्याच्या शांतपणासाठी निवडला होता, त्याला साहेबांनी कोंडून ओरडायला लावलं. धरणं बांधणाऱ्या माणसाला हवा कुठून जाणार हे सुचू नये, याचं मला नवल वाटलं. मग वाटलं, धरणात हवेचा काय संबंध.

प्रतिभाने साहेबांना अर्धवट रेकॉर्डिंग ऐकवलं. साक्षीही येऊन सांगून गेली, की अशा आवाजात दोन वाक्यांपुढे लक्ष राहत नाही. ती गेल्यावर साहेब मायेने म्हणाले, ‘अंध व्यक्तींना आवाज जास्तच येतात. आपण मनावर घ्यायचं नाही.’ आणि दुसऱ्या दिवशी ते मुलीकडे बंगळुरूला गेले. किल्ली त्यांच्या खिशात. दुसरी किल्ली करायची नाही, हा त्यांचा सुरक्षिततेचा नियम होता.

मी धीर करून फोन लावला. परीक्षा जवळ आली आहे, बरीच प्रकरणं राहिली आहेत, असं चाचरत सांगितलं. ते म्हणाले, ‘परीक्षा विद्यापीठ घेतंय, आपण नाही. मी आल्यावर बघू.’ उपाध्यक्षांकडे गेलो. ते म्हणाले, काच फोडली तर साहेबांचं नाव फुटेल. खजिनदार म्हणाले, साहेबांना विचारा.

मी रोज जाऊन त्या कुलपाकडे बघत बसायचो. जुन्या डेस्कटॉपवर एक प्रकरण करून पाहिलं. गिरणी तशीच होती, आणि शेवटी वीज गेली. साळूबाई मंडईतून परस्पर आल्या, डोक्यावरचा पदर सावरत दारात उभ्या राहिल्या. ‘सर, पोरगी रात्रंदिवस जुन्याच शिड्या ऐकते. नवी कधी देता?’ मी त्यांना काहीतरी सांगितलं. काय, ते आता आठवत नाही. बहुधा काहीच नसेल.

त्यानंतर मी उगाच वायर ओढून बघायला कपाटाच्या बाजूला गेलो. दाराच्या पितळी बिजागऱ्या बाहेरून लावलेल्या होत्या, स्क्रू सगळे डोळ्यांसमोर. एवढं सागवान, एवढं रबर, एवढं कुलूप, आणि दार कोणीही दुसऱ्या बाजूने काढू शकत होतं. मंडळाने या कपाटाची पाहणी करून समाधान व्यक्त केल्याची नोंद आहे. आणि मीही किती दिवस शहाण्यासारखा कुलपाकडेच बघत होतो.

‘प्रतिभा,’ मी म्हणालो, ‘घरी स्क्रू ड्रायव्हर आहे का?’

तिने माझ्याकडे पाहिलं, बिजागऱ्यांकडे पाहिलं आणि चपला घालून गेली. स्क्रू मीच काढले. एक तर हातातून निसटून पार कोचाखाली गेला. दार उचलून मागच्या खोलीत भिंतीला टेकवलं. लॅपटॉप बाहेर काढून उघड्या टेबलावर डॉकवर बसवला. मॉनिटर लागले. खोलीत माझ्या श्वासाखेरीज आवाज नव्हता. मी सकाळ-संध्याकाळ वाचू लागलो. शेवटी सर्दी झाली तरी वाचलं, कारण दिवस उरले नव्हते. शेवटची सीडी प्रतिभाने स्वतः सिडकोत नेऊन दिली.

साहेब परतले ते नेमके साक्षीच्या पेपरच्या दिवशी. बैठक सकाळीच बोलावली. विषय एकच, कपाट. दार काढलेलं पाहून साहेबांचा आवाज कापरा झाला होता. विद्यार्थिनीचं नाव बैठकीत कोणी घेतलं नाही. एका सदस्याने बिजागऱ्या बाहेरून लावणाऱ्या सुताराचा निषेध सुचवला. दुसऱ्याने माझा. मला लेखी माफी मागायला सांगितलं आणि कागद पुढे सरकवला. मी तो तसाच परत सरकवला.

‘दार मागच्या खोलीत आहे,’ मी म्हणालो. ‘एक स्क्रू कोचाखाली आहे. माफी मागण्यासारखं दुसरं काही मला दिसत नाही.’

मग साहेबांनी मला वाचनाच्या कामातून मुक्त करण्याचा ठराव मांडला, आणि त्याच्या मजकुरावर चर्चा सुरू झाली. पेपर सुटून बराच वेळ झाला होता. मी घड्याळ पाहिलं आणि उठलो.

जिन्याच्या पायथ्याशी साळूबाई साक्षीचा हात धरून येत होत्या. परीक्षा केंद्रावरून त्या थेट इकडेच आल्या होत्या.

‘कसा गेला?’ मी विचारलं.

‘तेरावं प्रकरण आलं होतं,’ साक्षी म्हणाली. ‘लेखनिक मुलगी लिहून लिहून दमली. तुम्ही त्या प्रकरणात फार शिंकलात, सर. पण शब्द एकही गेला नाही.’

वरून मंडळाचा आवाज येत होता. ‘मुक्त करण्यात येत आहे’ की ‘कार्यमुक्त’, यावर त्यांचं एकमत होत नव्हतं. साक्षीने विचारलं, वर काय चाललंय? काही नाही, म्हणालो, आणि एम.ए.ला कुठली पुस्तकं लागतील ते तिच्याकडून ऐकत आम्ही रस्त्याला लागलो.