लिंबाजीचं हवापाणी

लिंबाजी हे एका चिनी माणसाचं नाव.

टेबलावर तुळई येता कामा नये. डोक्यावर ओझं बसतं.

साताऱ्याची गाडी पेठ नाक्याला गच्च होते. खिडकी हवी असेल तर इस्लामपुरातच चढावं.

बंद पडलेलं घड्याळ घरात ठेवू नये.

पंचमीला लेकी माहेरी येतात.

पाठीशी भिंत. समोर दार.

हे सगळं एकाच घरातलं. घर इस्लामपुरातलं, बाजाराच्या मागच्या आळीतलं, आकाराम सुभेदारांचं. सुभेदारांनी अर्धं आयुष्य पलटणीत कारकुनी केली, मग साखर कारखान्याच्या ऑफिसात, आणि अठ्ठ्याहत्तर साली तिथूनही घरी आले. त्याच्या आदल्या थंडीत त्यांची बायको बनुबाई गेली होती. म्हणजे घरी आले ते रिकाम्या घरी.

माणसानं काय करावं? सुभेदारांनी घरातच ऑफिस काढायचं ठरवलं. आसपासच्या गावांत पलटणीतून आलेली माणसं मुबलक, त्यांच्या पेन्शनीच्या गाठीही मुबलक. टाइपरायटर होता. इंग्रजी होतं. आता टेबल कुठं ठेवायचं, एवढाच प्रश्न उरला.

टेबल होतं, पण चुकीच्या जागी. बनुबाईच्या हयातीत ते कायम सोप्यात असं असायचं, की बसणाऱ्याची पाठ रस्त्याच्या दाराकडे आणि तोंड स्वयंपाकघराकडे. कारखान्याचं उरलेलं काम सुभेदार तिथं बसून करत. चुलीपुढून बनुबाई बोलत असे आणि हे मान खालीच ठेवून ‘हं, हं’ म्हणत.

‘ही काय बसायची रीत झाली?’ असं ते तिला नेहमी म्हणत. ‘लिंबाजीनं बघितलं तर हसेल.’

लिंबाजी म्हणजे लिम. लढाई संपल्यावर सुभेदारांची पलटण काही दिवस सिंगापुरात होती, तिथला हा घड्याळजी. मराठ्यांच्या पोरांनी त्याचा लिंबाजी करून टाकला, आणि तोही हाकेला ओ देऊ लागला. घड्याळं कमी असली की तो दुकानादुकानांत जाऊन मालकाची बैठक कुठं असावी ते सांगे. दार दिसलं पाहिजे, पण दाराच्या अगदी रेषेत बसू नये. पाठीमागं भक्कम भिंत हवी, समोर पाणी हवं. त्याच्या भाषेत ह्या विद्येचं नाव दोन शब्दांचं होतं. एका तमिळ हमालानं त्याचा अर्थ सांगितला, वारा आणि पाणी. पलटणीनं त्याचं हवापाणी केलं.

ही गोष्ट घरी सुभेदारांनी इतक्यांदा सांगितली, की त्यांची एकुलती लेक शालन लहानपणी पाटी-दप्तर मांडून विचारायची, “आबा, माझं हवापाणी बरोबर हाय का?”

गुरव म्हणाला, पूर्वेला तोंड करा. पण रस्त्याचं दार पश्चिमेला.

“मग गिऱ्हाईक काय पाठीवर घेऊ?” सुभेदार म्हणाले, आणि लिंबाजीचं ऐकायचं ठरलं.

टेबल हलवायला शेजारचा बिराप्पा आला. बिराप्पा एसटीत कंडक्टर, साताऱ्याच्या गाडीवर.

“सुभेदार, टेबल हाय का रणगाडा?”

“उचल रं गड्या. तुमच्या यष्टीतले प्याशिंजर ढकलतोस तसं ढकलू नकोस, पाय मोडंल त्याचा.”

लिंबाजीच्या हिशेबानं योग्य कोपरा एकच निघाला, आणि तिथं बनुबाईचं जातं होतं. दोघांनी मिळून जातं परसात नेलं. त्याच्या जागी जमिनीवर एक गोल, गुळगुळीत, सारवणाबाहेर राहिलेला डाग होता. त्यावर टेबलाचा एक पाय आला. डोक्यावर तुळई नाही. पाठीशी भिंत. समोर पाण्याचा तांब्या, त्याच्यापलीकडं पाहुण्याची खुर्ची, त्याच्यापलीकडं जरा तिरकं उघडं दार. बंद पडलेलं घड्याळ खुंटीवरून उतरलं. त्याला चावी बनुबाई द्यायची, ती गेल्यावर ते बंद पडलेलं.

पहिलं गिऱ्हाईक मनुबाई. शिपायाची विधवा, पलूसकडची. खुर्चीच्या कडेवर बसली, सारखी मागं वळून बघू लागली.

“काय झालं?”

“आवं, तुमचं झ्याक झालं, तुमास्नी दार दिसतंय. माझी पाठ की दाराकडं आली! तुमच्या म्होरं बसंल त्याचं काय?”

सुभेदार हसले. ह्याचं उत्तर लिंबाजीनं सांगितलेलं नव्हतं.

मनुबाई गेली आणि घर पुन्हा होतं तसं झालं. लेकीनं एकदा हे बघावं, असं तेव्हाच त्यांच्या मनात आलं. खरं तर ऑफिस काढल्यापासून तेवढंच मनात होतं. श्रावण लागला होता. बनुबाई गेल्यावरची ही पहिली पंचमी. शालन साताऱ्याला दिलेली, स्टँडच्या मागंच घर. तिला भाऊ नाही, त्यामुळं न्यायला मुराळी कोण जाणार ही दरसालची अडचण. ती बनुबाई सोडवायची. कुणाला धाडायचं, काय निरोप द्यायचा, व्याह्यांचा मान कसा राखायचा, सगळं ती बघायची. सुभेदारांना फक्त एके दिवशी दारात लेक दिसायची.

पंचमीच्या आदल्या सकाळी साताऱ्याच्या मुक्कामी गाडीवर निघालेल्या बिराप्पाला त्यांनी दारातूनच हाक मारली.

“शालनकडं जाशील का रं? तिला म्हणावं, आबांनी हवापाणी बदललंय.”

“आनि?”

“आनि काय? ती समजंल.”

पंचमीच्या दिवशी काही चिरायचं नाही, तळायचं नाही. बयाबाई शेजारीण, तिनं पुरणाचे दिंड उकडून ताटलीत झाकून दिले. सुभेदारांनी लाह्या आणून ठेवल्या, दाढी केली, टेबलाशी बसले.

लिंबाजी खोटा नव्हता. त्या जागेवरून सगळं दिसत होतं. नवी लुगडी नेसून वारुळाला निघालेल्या बाया दिसल्या. समोरच्या घरातली लेक बापाच्या हाताला धरून झोक्याकडं चाललेली दिसली. कोण कुणाच्या दारात थांबलं, कोण आत गेलं, ते दिसलं. एक कुत्रं उंबऱ्यापर्यंत आलं, आत बघून परत गेलं. साताऱ्याच्या गाड्या येऊन गेल्या असतील, त्या मात्र टेबलावरून दिसत नव्हत्या. तांब्यातलं पाणी हालत नव्हतं.

दिवेलागणीला दारात माणूस दिसला. बिराप्पा होता.

“आवं! तुमी हितंच?”

“मग कुठं असणार?”

“पाचगणीला! हवापालट करायला जायचं म्हनत हुतासा न्हवं? म्या शालनताईला तसंच सांगितलं.”

सुभेदारांनी टाइपरायटरवरचा हात उचलला. “मी हवापाणी म्हणालो होतो, बिराप्पा.”

“त्येच की. पानी काय आन पालट काय.” मग त्याला काहीतरी उमगलं आणि तो पाहुण्याच्या खुर्चीत बसला. “लय रडली ओ. म्हनली, आबा एवढं आजारी पडलं आन मला कळवलं बी न्हाई. पिशवी भरून ठिवली हुती तिनं. बोलावनं कवा येतंय म्हनून रोज स्टँडाकडं बघत हुती. तुमी तिला ‘ये’ म्हनून निरोप दिला हुता का?”

सुभेदारांनी आठवून बघितलं. दारात उभा असलेला बिराप्पा आठवला, त्याच्या खांद्यावरची तिकिटांची पेटी आठवली. तो शब्द आठवला नाही. घरात तो त्यांनी कधी उच्चारलाच नव्हता. तो बनुबाईकडं असायचा.

“उद्या पयल्या गाडीनं चला माझ्यासंगं. खिडकी धरून ठिवतो.”

“पंचमी झाली.”

“मग? लेक काय पंचमीपुरती आसती व्हय?”

सुभेदारांनी ताटली पुढं केली. बिराप्पानं एक दिंड खाल्ला, दुसरा घरी पोरांना घेतला, आणि जाताना दार ओढून घेऊ का, असं विचारलं. ते नको म्हणाले.

मग एकट्यानंच त्यांनी टेबल ढकललं. ते सगळं वळलं नाही, तिरकं होऊन अडलं. पाण्याचा तांब्या कलंडला आणि पाणी जात्याच्या गोल डागात साचलं. सुभेदारांनी खुर्ची फिरवली आणि रस्त्याच्या दाराकडं पाठ करून, अंधाऱ्या स्वयंपाकघराकडं तोंड करून बसले.

“ये,” ते म्हणाले. आवाज भलताच निघाला. परत म्हणून बघितलं. “शालन, ये बाळ.”

आता हे उद्या साताऱ्याच्या दारात उभं राहून म्हणायचं होतं.

सिंगापुरात लिंबाजीचं स्वतःचं टेबल दाराकडं पाठ करून होतं. समोर त्याची बायको शेंगा सोलत बसायची.