सोडलेलं प्यादं

१९७८ साली धोंडीराम नाशिकला जिल्हा स्पर्धेतला शेवटचा डाव खेळायला बसला, तेव्हा मी त्याच्या मागंच उभा होतो. जिंकला तर जिल्ह्याच्या संघात, बरोबरी झाली तरी घरी. आमच्या सायखेड्यातून तोवर कुणी संघात गेलं नव्हतं.

आम्ही दोघं पारावर देशी बुद्धिबळ खेळत वाढलो. मी चाळिशीत रात्रीच्या वर्गात वाचायला शिकलो. शिकल्यावर स्पर्धेतल्या नव्या, आंतरराष्ट्रीय खेळाचे नियम वाचले आणि महिनाभर त्याच्या कानीकपाळी ओरडलो. "पाठ हाय रे निवृत्ती," म्हणायचा.

समोर बँकेतला रंगनाथ. धोंडीरामनं मधली प्यादी हलवलीच नाहीत. डावीकडच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवलं आणि त्या फटीत उंट तिरका लावला.

"काका, कडेकडेनं कुठं निघालात?"

"गोदावरीत मधोमध कोण उतरतं, साहेब?"

त्याच उंटानं रंगनाथचा कोपऱ्यातला हत्ती खाल्ला. दुपारपर्यंत रंगनाथकडे राजा आणि एक प्यादं उरलं. आमचा हत्ती शाबूत, आणि ते प्यादं त्याच्या तोंडात. धोंडीरामनं ते मारलं नाही. राजाला शह देत बसला.

पारावर समोरचा राजा एकटा उरला की बुर्जी, म्हणजे डाव बरोबरीत. म्हणून शेवटचं प्यादं कुणी मारत नसे. नव्या खेळात बुर्जी नाही, हे मी त्याला किती वेळा सांगितलं होतं! बोलायची तर बंदी. मी खोकलो. प्यादं पुढं सरकलं. मी जोरात खोकलो.

"काका, बाहेर जाऊन पाणी प्या," पंच म्हणाले.

मी दारातून बघत राहिलो. प्यादं शेवटच्या घरात पोचलं. धोंडीराम खुशीत मागं रेलला.

"उंटाच्या घरात गेलंय. घ्या उंट."

हाही पारावरचाच नियम: ज्या मोहऱ्याच्या घरात प्यादं पोचेल, तेच मोहरं मिळतं. रंगनाथनं वजीर ठेवला. शह! पुढच्या खेळीत आमचा हत्ती गेला आणि मग डावही गेला.

परतीच्या एसटीत चांदोरी आलं. मग धोंडीरामच माझ्यावर उखडला.

"तू मागंच व्हतास ना? नुसता खोकला असतास तरी कळलं असतं मला."

"खोकलो की, मर्दा! बाहेर काढलं मला!"

"मला वाटलं, बिडीचा खोकला हाय."

मी खिशातली बिडी काढली आणि खिडकीबाहेर फेकून दिली.