मुलांची खोली

"आणि ही मुलांची खोली," एजंटने दिवा लावला. "खिडकीतून शाळा दिसते बघा. चालत पाच मिनिटं. मुलं किती तुम्हाला?"

माझा धाकटा भाऊ छताकडे बघायला लागला. भावजय म्हणाली, "पंख्याचा आवाज येतो का हो?" एजंटने लगेच पंखा लावून दाखवला. मला मात्र त्या दोघांच्या तोंडाकडे बघवेना.

धाकटा लिफ्ट दुरुस्त करतो. दर तीन-चार वर्षांनी कंपनी त्याची बदली करते. लग्नानंतर पहिल्याच शहरात भावजय म्हणाली होती, आता एखादं मूल होऊ दे. तर हा म्हणतो, "इथे? पाणी दिवसाआड, मैदान औषधालाही नाही. आधी चांगलं शहर मिळू दे, मग बघू." तिलाही ते पटलं. दुसऱ्या शहरात हवा वाईट निघाली. जाईल त्या इमारतीत म्हणे पोरं खोकतात. तिसऱ्यात दवाखाना लांब. चौथ्यात काय, तर पोरं शिव्या फार देतात!

"अरे, तू काय पाळण्यात अहो-जाहो करत होतास?" मी फोनवरच त्याला झापलं. मी फटकळच आहे, घरात सगळ्यांना माहीत आहे. "सगळं मनासारखं कुठे मिळतं का? आपण सहा जण दोन खोल्यांत वाढलो की नाही?"

"म्हणूनच ना, ताई," तो म्हणाला.

माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, निदान चार शिव्या घालून मोकळी झाले असते. पण हा आपला रात्रंदिवस न जन्मलेल्या पोराची काळजी करत बसलेला. तिकडे बागा आहेत, पण शाळा कशा? शाळा बऱ्या, तर रस्ता ओलांडायचा कसा? आणि भावजय? जाईल तिथे शेजाऱ्यांची पोरं सांभाळायची, पुन्हा सामान बांधायचं.

शेवटी हे शहर मिळालं. झाडं आहेत, पाणी आहे, शाळा तर खिडकीखाली. तोवर भावजय चव्वेचाळीस वर्षांची झाली होती. इकडे आल्या आल्या दोघं दवाखान्यात गेली, सोबत मी होते. डॉक्टरीणबाईंनी सगळे रिपोर्ट पाहिले आणि हळू आवाजात सांगितलं, आता आशा ठेवू नका. धाकटा त्यांना म्हणाला, "पण आता शहर चांगलं मिळालंय." त्या बिचाऱ्यांनी सगळे रिपोर्ट नीट लावून त्याच्या हातात परत दिले.

एजंट फोनवर बोलायला बाहेर गेला. भावजय खिडकीशी उभी होती.

"चांगलंच आहे हो शहर," ती म्हणाली. "तुम्ही म्हणत होता तसंच आहे."

"भांड ना माझ्याशी," धाकटा म्हणाला. "एकदा तरी भांड."

"कशावरून भांडू? तुम्ही काय वाईट मागत होता?"

मला इतका संताप आला, आणि कुणावर ते कळेना. मी पदराने डोळे पुसले. "दुसरं घर बघू या रे," मी म्हटलं. "एका खोलीचं."

"नको, हेच घेऊ," भावजय म्हणाली. "या खोलीत ह्यांची हत्यारं राहतील."

आम्ही अकराव्या मजल्यावरून खाली निघालो. लिफ्टमध्ये आधीच दोन पोरं होती, दप्तरं पाठीवर. एकाने दुसऱ्याला कोपर मारलं आणि दोघांनी मिळून सगळी बटणं दाबून टाकली. पुढच्याच मजल्यावर दोघं खिदळत पळाली.

"कार्टी!" एजंट ओरडला. "लिफ्टची वाट लावतात. काय हो, तुमचं तर हेच काम, बिघडते ना अशाने?"

"नाही बिघडत," धाकटा म्हणाला.

मग प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबत गेली. दार उघडायचं. कुठे कुणी मोठ्याने पाढे म्हणत होतं, कुठे आई कुणाला तरी जेवायला हाका मारत होती. दारासमोर कुणीच नसायचं. एजंट घड्याळ बघत होता. दार लवकर बंद करायचं बटण धाकट्याच्या हाताशीच होतं. त्याने ते एकदाही दाबलं नाही.