माझ्या अंगावरची ताडपत्री

मित्रांनो, मला एका जागी स्वस्थ बसवत नाही आणि माझं नशीब असं की मला सिमेंटच्या चौथऱ्यावर कायमचं बसवून ठेवलं आहे. मी एक लोखंडी पेटारा आहे. घराच्या बाहेर, उघड्यावर उभा असतो. माझ्या पोटात एका बाजूला गॅसची शेगडी आहे आणि दुसऱ्या बाजूला थंडावा करणारा कंप्रेसर. हिवाळ्यात मी घर ऊबदार करतो, उन्हाळ्यात तेच घर गार करतो. काम नसलं की माझा जीव नुसता तळमळतो.

कारखान्यात मला पत्रे वाकवून आणि नळ्यांना डाख देऊन घडवलं, एकदा पेटवून पाहिलं, विझवलं आणि खोक्यात भरलं. त्या अंधारात माझी सारखी चुळबुळ चालू होती. कुठे जायचं आहे ते तरी सांगा, असं वाटायचं. शेवटी खोकं उघडलं ते न्यू मेक्सिकोतल्या डेमिंग गावात, बेलार्मिनो लुसेरो यांच्या अंगणात.

मला बसवायला रेनाटा आली होती. मोठ्या हाताची, कमी बोलणारी बाई. तिने पाणसळ लावून चौथरा पाहिला, मला भिंतीपासून अंतर सोडून बसवलं, गॅसच्या नळीच्या प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावला आणि बुडबुडे येतात का ते बघत राहिली. मला इतकी घाई झाली होती की विचारू नका. पण तिने खात्री पटेपर्यंत मला पेटवलं नाही.

मी तिथे आलो तो ओर्लिंदाकाकूंसाठी. बेलार्मिनोकाकांची ही बायको. आदल्या हिवाळ्यात त्यांना निमोनिया झाला होता आणि घरातल्या लाकडाच्या शेगडीचा धूर त्यांना आता सोसत नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घर ऊबदार ठेवा आणि धुरापासून जपा. म्हणून ती शेगडी निघाली आणि छपरावरचा पाण्याचा जुना कूलरही उतरला. दोघांचं काम माझ्या एकट्यावर आलं.

जाताना रेनाटा काकांना म्हणाली, "काका, याच्या आसपास काही ठेवू नका. हा इथूनच हवा घेतो आणि इथूनच धूर सोडतो." काका "हो हो" म्हणाले. पण त्यांची नजर माझ्या लांबी-रुंदीवर फिरत होती.

उन्हाळा झकास गेला. काकू पिठाच्या हाताने माझी हवा घरात सोडणाऱ्या जाळीसमोर उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, पोर गुणाचं आहे. काका रोज फडक्याने माझं अंग पुसायचे. मात्र आतली गाळणी बदलायची कुणालाच आठवण झाली नाही. वावटळीतली वाळू तिच्यात साचली, गाळणीचं झाकणही एका कोपऱ्यात सैल झालं. मला धाप लागायची, तरी मी चालत राहिलो. बाहेरून मी चकचकीत होतो, त्यामुळे आतली तक्रार कुणाला कळणार?

मग ऑक्टोबर आला. हिरव्या मिरच्या भाजून संपल्या की डेमिंगमध्ये एक काम ठरलेलं असतं. सगळे आपापल्या छपरावर चढतात, कूलरमधलं पाणी काढून टाकतात आणि त्याला ताडपत्री बांधून वसंतापर्यंत झोपवतात. बेलार्मिनोकाकांसारखी गाठ गल्लीत कुणाला जमत नसे. गुडघे कुरकुरत असले तरी ते शेजाऱ्यांचीही ताडपत्री बांधून द्यायचे.

त्यांच्या हिशेबी बाहेर ठेवलेला पेटारा म्हणजे उन्हाळ्याची वस्तू. ऊब घरातूनच येते, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. आता ती जमिनीतल्या जाळ्यांतून येणार होती, एवढाच फरक. त्या जाळ्यांमागे मीच आहे, हे त्यांच्या ध्यानात बसलंच नाही. त्यांनी मला चारी बाजूंनी गुंडाळलं, दोरी आवळली आणि थाप मारली. "झोप आता, राजा," असं म्हणाले.

मित्रांनो, माझी खरी कामगिरी तर आता सुरू होणार होती. मी आत धडपडत होतो, पण गाठ काकांची होती.

नोव्हेंबरात एका सकाळी पहिलं हिव पडलं. काकू खोकल्या आणि काकांनी लगबगीने भिंतीवरचं बटण फिरवलं. मी पेटलो. माझ्या छोट्या पंख्याने धूर बाहेर ढकलला. तो ताडपत्रीवर आपटून माघारी आला आणि मी माझाच धूर गिळू लागलो. माझी निळी ज्योत पिवळी पडली. सैल झाकणाच्या फटीतून तो धूर घरात जाणाऱ्या हवेत मिसळला. या धुराला वास नाही, रंग नाही. माणसाला तो कळतसुद्धा नाही.

मी घाबरलो आणि बंद पडलो. बिघाड झाला की माझा एक लाल दिवा लुकलुकतो, पण तोही ताडपत्रीखाली. काकांनी बटण पुन्हा फिरवलं, मी पुन्हा पेटलो, पुन्हा बंद पडलो. असं होता होता काका बाहेर आले, मला हात लावून पाहिला आणि त्यांना माझी दया आली. हाच गारठला आहे, असं पुटपुटत त्यांनी घरातली जाड गोधडी आणली आणि ताडपत्रीवर पांघरली. मित्रांनो, मला हसावं की रडावं कळेना.

पुढच्या वेळी ज्योत शेगडीबाहेर लपकली आणि माझ्यातली सुरक्षेची एक कळ खाडकन पडली. ती माणसाने हाताने दाबल्याशिवाय वर येत नाही. मी थांबलो तो थांबलोच. काका चिडले आणि त्यांनी रेनाटाला फोन केला. काकू स्वयंपाकघरात डोकं धरून बसल्या होत्या. थंडीनेच दुखतंय, असं म्हणत होत्या.

रेनाटाने फाटकातूनच मला पाहिलं. ती माझ्याकडे आली नाही, धावत घरात गेली. उंबरठ्यावरच तिच्या पिशवीला अडकवलेलं, विषारी धूर ओळखणारं यंत्र कर्कश वाजू लागलं.

"काकू, उठा. चपला राहू देत, बाहेर चला."

"गारठ्यात कुठे नेतेस हिला?" काका आडवे आले. "आत्ता कुठे बरी झाली आहे."

"काका, घरात विषारी धूर आहे. पेटारा झाकलात, सगळा धूर आत आला."

तिने काकूंना उन्हातल्या पायरीवर बसवलं आणि स्वतःचं जाकीट त्यांच्या अंगावर घातलं. रुग्णवाहिका आली. तोंडावर प्राणवायूची नळी लावल्यावर काकूंच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला. काका माझ्यासमोर उभे होते.

"मी तर याला जपत होतो," ते म्हणाले.

मग त्यांचं लक्ष कुंपणापलीकडे गेलं. शेजारच्या ॲडेल्फाबाईंकडे माझाच जुळा भाऊ होता, त्याच उन्हाळ्यात बसवलेला. तोही ताडपत्रीत गुंडाळलेला होता आणि आतून घरघरत होता.

"तिचीही मीच बांधली," काका म्हणाले आणि तसेच पळत सुटले. गुडघ्यांची कुरकुर त्या दिवशी त्यांना ऐकू आली नसावी. त्यांनी खिशातला चाकू काढून आपल्याच गाठी कापल्या, ताडपत्री फाडून काढली आणि ते दार बडवायला लागले. दार उघडेना. माझा पत्रान् पत्रा ताणला गेला. जागचं हलता येत नाही याचा इतका राग मला कधी आला नव्हता.

शेवटी कडी वाजली. ॲडेल्फाबाई कपाळ दाबत दारात आल्या. "डोकं आधीच ठणकतंय, आणि तू माझी चांगली ताडपत्री फाडलीस होय रे?"

"हो, फाडली. तू आधी बाहेर ये," काका म्हणाले. त्यांनी तिला हाताला धरून अंगणात आणलं, रेनाटाला हाक मारली आणि मग तिच्याच पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले.

मित्रांनो, बेलार्मिनोकाकांइतका जीव मला कुणी लावला नाही आणि हे घडलं ते त्यांच्याच हातून. म्हणून कळकळीने सांगतो, एखाद्या वस्तूवर माया करायची असेल तर आधी ती कधी राबते, श्वास कुठून घेते, हे विचारून घ्या. तिची गाळणी बदला, झाकणं नीट लावा, तिच्याभोवती मोकळी जागा ठेवा. आणि ती सारखी बंद पडत असेल तर पुन्हा बटण दाबण्याआधी एकदा बाहेर येऊन तिच्याकडे बघा. आम्हाला ओरडता येत नाही. आम्हाला फक्त बंद पडता येतं.