रस्त्याचा नारळ

उकंडरावांच्या हाताला नारळ एका फटक्यात फुटतो, ही गोष्ट साऱ्या कॉलनीला ठाऊक होती आणि सगळा घोटाळा तिथूनच झाला. दुसऱ्या कुणी फोडला असता, तर त्यांना निदान त्याच्या नावानं बोटं तरी मोडता आली असती.

सोनाळ्याची शेती धाकट्या भावाच्या हवाली करून त्यांनी तालुक्याच्या गावाबाहेर, नदीकाठच्या नव्या लेआउटमध्ये कोपऱ्यावरचा प्लॉट घेतला, तेव्हा तिथं नुसत्या बाभळी होत्या. बाग होती ती नकाशावर. नदीची धास्ती म्हणून घराचं जोतं त्यांनी चांगलं कंबरेइतकं उंच घेतलं. दारापुढं पाच पायऱ्या आल्या. "घर बांधून राह्यले का किल्ला?" म्हणून लोक हसले. गुडघ्यांनी बेजार झालेल्या सोजराबाई तर प्रत्येक पायरीला नवऱ्याचा उद्धार करत चढायच्या. नदीनं मात्र काही केलं नाही. ती बिचारी आजवर आपल्या पात्रातच राहिली.

घर बुडवलं ते रस्त्यानं. पहिला मुरमाचा झाला, त्यावर डांबरी आला, त्यावर सिमेंटचे गट्टू बसले. जुना उकरावा आणि मग नवा करावा, ही रीत इथं कुणाच्या बापाला माहीत नाही. जुन्यावर नवा, टोपल्यातल्या पोळ्यांसारखा. दर वेळी भूमिपूजन कोपऱ्यावर, म्हणजे उकंडरावांच्याच दारात. दर वेळी नगरसेवक राजकुमार म्हणायचा, "नारळ काकाच फोडतीन," आणि काका अंगावरची नवी शाल सावरत एका फटक्यात फोडायचे. टाळ्या पडायच्या. पेपरात फोटो यायचा. त्या फोटोत मागं दिसणाऱ्या पायऱ्या दर खेपेला कमी झालेल्या असायच्या, पण आपला फोटो बघताना माणूस मागं कशाला बघतो? सोजराबाई तर आधी खूशच होत्या. "बरं झालं माय, गुडघ्याले आराम पडला."

मग गेल्या पावसाळ्यात एका दुपारी रस्त्यावरचं पाणी सरळ बैठकीत शिरलं. गव्हाची कोठी भिजली, देव्हारा तेवढा वाचला. खिडकीतून नदी दिसत होती, काठाच्या कितीतरी खाली, शहाण्यासारखी वाहत होती. घोटाभर पाण्यात उभे राहून उकंडराव तिच्याकडे बघत राहिले. त्यांचा संताप संताप झाला.

यंदा नदीकाठची बाग एकदाची झाली. झोपाळे आले, फिरायचा ट्रॅक आला, रंगीत दिव्यांचं कारंजं आलं. मग बागेपर्यंत काँक्रीटचा रस्ताही मंजूर झाला, तो याच गल्लीतून. उकंडरावांच्या दारात आता एकच पायरी उरली होती, आणि नव्या रस्त्याची जाडी त्या पायरीहून जास्त होती.

त्यांनी राजकुमारचं घर गाठलं. "आधी जुना रस्ता खोदा, मंग नवा टाका. नाही तं माह्यं घर गेलं खड्ड्यात."

"करू ना काका. टेन्शन कायले घेता?"

इंजिनिअरसाहेब म्हणाले, खोदकाम अंदाजपत्रकात नाही. पुन्हा गेले तर साहेब मीटिंगला, तिसऱ्यांदा गेले तर साहेब साइटवर. साइट कुठली ते कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी राजकुमारनंच तोड काढली. "भूमिपूजनाले सगळेच येऊन राह्यले. माइकवर बोला ना तुम्ही. तुमचा शब्द कोण मोडते?"

घरी येऊन उकंडरावांनी जाहीर केलं, "यंदा नारळ फोडत नाही मी. खोदल्याबिगर नाहीच."

"तुम्ही?" सोजराबाई कणीक मळता मळता म्हणाल्या. "शाल पाह्यली का हात शिवशिवते तुमचा."

हे त्यांना झोंबलं, कारण ते खरं होतं.

भूमिपूजनाच्या दिवशी मांडव दारातच पडला. शाल आली, फेटा आला. उकंडरावांनी माइक धरला आणि सरळ सांगितलं, "जुना रस्ता खोदल्याबिगर हा नारळ फुटणार नाही." मग राजकुमारनं माइक अलगद काढून घेतला. "काकांची सूचना अगदी रास्त आहे. आपण तिची नोंद घेतली. काकांसाठी जोरदार टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. कुंकू लावलेला नारळ हातात आला, मोबाइल वर झाले. उकंडरावांच्या बोटांनी आपोआप नारळाची शीर चाचपली, हात वरही गेला. तेवढ्यात त्यांना दारात उभ्या सोजराबाई दिसल्या, उरलेल्या त्या एका पायरीवर.

हात खाली आला. उकंडराव नारळ घेऊन घरात गेले आणि त्यांनी तो देव्हाऱ्यात ठेवून दिला.

त्यांना वाटलं होतं, आता गलका होईल, कार्यक्रम थांबेल, कुणीतरी समजूत घालायला मागं येईल. बाहेरून एवढंच ऐकू आलं, "भागवत, नारळ आण बे दुसरा." समोरच्या भागवतनं तो आणला आणि त्यानंच फोडला. त्याचं घर परवा बांधलेलं, येणाऱ्या रस्त्याचा अंदाज घेऊन उंच घेतलेलं, त्याला कसली काळजी? तीन फटके लागले. खाटेवर बसलेल्या उकंडरावांचा हात तिन्ही वेळा मांडीवर आपटला. "धड नारळही फोडता येत नाही लेकाले," ते पुटपुटले, आणि स्वतःवरच चिडले.

रस्ता झाला. चांगला झाला, हेच तर वाईट. संध्याकाळी सारी कॉलनी नटूनथटून बागेकडे निघते. उकंडराव खिडकीपाशी बसतात तेव्हा त्यांना चपला दिसतात. "काका, येता का फिराले?" असा आवाज वरून येतो. काका खिडकी लावून घेतात.

पाणी अडवायला दारात सिमेंटचा बांध घालायचं ठरलं. गवंडी संघर्षनं आतबाहेर बघितलं आणि मान हलवली. "काका, बांध ओलांडला का आत उतराले पायऱ्या लागतीन. काकूले उडी मारता येते का?" म्हणजे घराला पुन्हा पायऱ्या येणार होत्या, आता बैठकीच्या आत, खाली उतरायच्या.

"चढताना तुम्हाले शिव्या देल्या," सोजराबाई म्हणाल्या. "उतरताना कोणाले देऊ?"

"कामाले नारळ हाये का काका?" संघर्षनं विचारलं. सोजराबाईंनीच देव्हाऱ्यातला नारळ आणून नवऱ्याच्या हातात दिला. त्यात अजून पाणी वाजत होतं. उकंडराव बैठकीत खाली बसले आणि त्यांनी तो तिथल्याच फरशीवर मारला. एकच फटका, दोन सारख्या वाट्या.

वर रस्त्यावर बागेकडे निघालेला भागवत थबकला आणि वाकून दारातून आत बघू लागला. "काय काका, भूमिपूजन का?"

"हाव," उकंडराव म्हणाले.